नाळेतलं रक्त कुणासाठी?



मागे आपल्या मंडळीतल्या एका ताईंनी मला विचारलं, "सुनेला सातवा महिना लागलाय. नाळेतलं रक्त बँकेत ठेवा, पुढे बाळालाच कामी येईल, असं सांगत एक माणूस घरी आला होता. हजारो रुपये मागतो. भरू का?" त्याच आठवड्यात धडगावकडच्या एका पाड्यावर पावरा समाजातल्या आईने विचारलं, "थोरल्याला सिकलसेल आहे. आता दुसरं होणार. ह्याच्या नाळेचा त्याला उपयोग होईल का?"

बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. ते आपण वारेबरोबर पुरून टाकतो. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. नाळ कापल्यावर ते काढलं, तर आईला दुखत नाही, बाळालाही नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. तो मुलगा बरा झाला.

ताईंना मी म्हटलं, पैसे भरू नका. सिकलसेल, थॅलेसेमिया हे जन्मजात दोष. बाळाला तो असेल, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही स्वतःसाठी असं रक्त साठवण्याची शिफारस करत नाही. हे रक्त खरं कामी येतं ते दुसऱ्याला.

त्या आईला मी खोटी आशा दिली नाही. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक. आईबाप दोघेही वाहक असल्याने नव्या बाळालाही सिकलसेल होण्याची शक्यता तेवढीच. जुळलं, तरी एका नाळेतलं रक्त कमी पडू शकतं. उपचार मोठ्या शहरात, खर्चाचे आणि जोखमीचे. रक्त उणे १९६ अंशांवर जपावं लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय कुठली? म्हणून बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटायला हवं.

आणखी एक. त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा. जन्मल्यावर किमान एक मिनिट नाळ कापू नये; तेवढ्याने बाळाच्या अंगात लोह वाढतं. आपल्या पाड्यांवरच्या अशक्त बाळांना ते फार मोलाचं. दान उरलेल्यातून.

तुम्ही काय कराल? लग्नाआधी मुलामुलींची सिकलसेल तपासणी करायला सांगा. सरकारी दवाखान्यात ती होते. गरोदर बाईला वेळेवर दवाखान्यात पोहोचवा.

ताईंनी पैसे भरले नाहीत. त्या आईला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेण्याचा गाडीखर्च मात्र त्यांनी उचलला. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाचा खर्च असाच स्वतः उचलला होता. बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. जुळेल की नाही, ते बाळ जन्मल्यावरच कळेल. दोन्ही लेकरांची प्रार्थनेत आठवण ठेवा.