जितका गेला, तितकाच परतला

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



एक घट, एक छोटा दिवा आणि तारेचे दोन तुकडे एवढेच साहित्य घेऊन मी आपल्यासमोर उभा आहे. घटाच्या धन अग्रापासून निघालेली तार दिव्यातून फिरून ऋण अग्राला भिडली की दिवा लागतो. मध्ये बारीकशी फट राहिली तरी लागत नाही. हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

त्याच मुलाला विचारा, दिव्यात शिरणारा प्रवाह जास्त की बाहेर पडणारा? पुष्कळ मुले 'शिरणारा' असे सांगतात. दिवा प्रवाह खातो, अशी त्यांची समजूत असते. आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचीही. ॲमीटर दिव्याच्या अलीकडे लावा, मग पलीकडे लावा. काटा दोन्ही वेळी एकाच आकड्यावर थांबतो.

पाटाच्या पाण्याची उपमा येथे फसवते, कारण पाटाचे पाणी शेतात जिरते. त्यापेक्षा रहाटगाडगे आठवावे. जितकी गाडगी वर येतात तितकीच खाली जातात; आपल्याला मिळते ते पाणी, गाडगी नव्हेत. दिव्यात खर्च होते ती ऊर्जा. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मात्र तेवढाच परततो. बैलाने पाऊल टाकताच सगळी माळ एकदम हलते, तसा बटण दाबताच दिवा लागतो. एरवी तारेतील इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही संथ सरकत असतात. (पुस्तकातील बाण धनाकडून ऋणाकडे जातो आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेने, हा जुना संकेत आहे. त्यावर वर्गात फार वेळ घालवू नये.)

हे सारे वर्गापुरतेच असते तर मी आपला वेळ घेतला नसता. घरातील वीज २३० व्होल्टची. रोहित्रापाशी तिची न्यूट्रल तार जमिनीला जोडलेली असते. म्हणजे परतीची वाट जमिनीतूनही उघडी आहे. न्यूट्रल तुटल्यावर जमिनीत सळई ठोकून दिवा लावणारे महाभाग आपण पाहिले असतील. तो दिवा लागतो, हाच याचा पुरावा.

ओल्या अंगणात अनवाणी उभी असलेली बाई वीज उतरलेल्या मोटारीला हात लावते, तेव्हा परिपथ तिच्या देहातून पुरा होतो. भिजलेल्या देहाचा रोध १,००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. तो हृदयातून गेला तर माणूस दगावू शकतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज तारेला जपतो, माणसाला नव्हे.

माणसाला जपणारे उपाय दोन. मोटारीच्या सांगाड्याला नीट अर्थिंग असावे; उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे. दुसरा उपाय आरसीसीबी नावाचा खटका. तो गेलेला आणि परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे काही गाडगी भलत्या वाटेने गेली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते दाबून वीज गेली नाही, तर खटका निकामी झाला असे समजून तो बदलावा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचा पंप, शाळा आणि अंगणवाडी येथे ही तपासणी कोणी करावयाची, ते पुढील मासिक सभेतच ठरवून घ्यावे.

आता हा घट व दिवा पहिल्या रांगेतील गुरुजींकडे देतो. ॲमीटर त्यांनी दोन्ही बाजूंना लावून पाहावा.