चिठ्ठीवरचा पासवर्ड

जळगावच्या गोलाणी मार्केटात फोन दुरुस्तीला टाकताना आपण स्क्रीनलॉकचा नंबर चिठ्ठीवर लिहून देतो. त्या चिठ्ठीबरोबर घरच्यांचे मेसेज, फोटो, बँकेचे ईमेल, सगळंच परक्या हाती जातं. परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने ते कुणी उतरवून घेतलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सरकारलाही मोकळं रान नाही. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले. टिपलेल्या संभाषणाच्या प्रतीही नष्ट करायला लावल्या. त्यामागे खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल होता.

धुळेकरांनो, जळगावकरांनो, फोन शक्यतो समोर बसूनच दुरुस्त करून घ्या. माहिती चोरीला गेलीच, तर थेट सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा.