आपल्या गाडीला कोणते टायर घ्यावेत?

(अड्याळ येथे देणगीदारांच्या बैठकीत आपल्या गाडीच्या चालकांनी केलेले भाषण)



मी बोलणारा माणूस नाही, स्टिअरिंग धरणारा आहे. पण गाडीच्या टायरांसाठी आपण पैसे जमवलेत आणि पुष्कळांनी निरोप पाठवला की, या वेळी ते जंगलात चालणारे, खोल नक्षीचे मोठे टायर घ्या, म्हणजे गाडी फसणार नाही. त्यामागची माया मला कळते. तरीही ते टायर घेऊ नयेत असे माझे मत आहे. का, ते सांगायला उभा राहिलो आहे.

मागच्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, एका टोलीवरून बाळंतपणाच्या बाईला घेऊन निघालो होतो. पांदण रस्ता, दोन्ही बाजूंच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, खाली काळी कन्हार जमीन. गाडी फसली. फोर बाय फोर लावले, तरी चाके जागच्या जागी फिरत राहिली. मी जोर देत गेलो, गाडी आणखी खाली गेली. पाऊण तास तसाच गेला. मग शेतातून एक म्हातारे काका आले. ते ट्रॅक्टर चालवणारे. त्यांनी एकच विचारले, "हवा किती हाय गा टायरात?" सकाळी भंडाऱ्याच्या डांबरी रस्त्यासाठी मी ४० भरली होती. काकांनी चारही चाकांची हवा जवळजवळ निम्मी सोडायला लावली आणि चाकांपुढचा चिखल फावड्याने काढला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू बाहेर आली. बाई वेळेत दवाखान्यात पोचली. आई आणि बाळ सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास टायरांनी नाही, मी घालवला होता.

हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि वजन वाटले जाते. चिखलात मी आता २० ते २५ वर येतो. त्याखाली गेलो तर टायर रिमवरून सुटू शकतो. त्या हवेवर गाडी बैलगाडीच्या चालीनेच न्यायची आणि डांबरीवर आल्याबरोबर पुन्हा हवा भरायची. नाहीतर टायर तापून फुटतो.

आता टायरांचे प्रकार. दुकानात तीन मिळतात. एक रस्त्याचा, बारीक नक्षीचा. दुसरा चिखलाचा, मोठ्या गुठळ्यांचा आणि रुंद फटींचा. तिसरा मधला, दोन्हीकडे चालणारा, ज्याला दुकानदार ऑल टेरेन म्हणतात. चिखलाच्या टायरच्या फटींतून चिकट माती फेकली जाते, हे खरे आहे. कन्हारीत तो मधल्या टायरपेक्षा सरस आहे, ते मी नाकारत नाही. पण आपली गाडी १० किलोमीटर चालली तर त्यातले ८ तरी डांबरी असतात. अड्याळहून भंडारा, अड्याळहून पवनी, हाच आपला रोजचा रस्ता. ओल्या डांबरावर गुठळ्यांच्या टायरचे रबर रस्त्याला कमी टेकते आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. समोर गुरे आली, धानाचा ट्रॅक्टर वळला, तर तेवढे अंतर जीवाचे असते. शिवाय डिझेल जास्त जाते आणि टायर लवकर झिजतो. म्हणून मी मधला टायर मागतो आहे.

पण प्रकारापेक्षा महत्त्वाचे आहे वजन. आपली गाडी भारी आहे. औषधे, धान्य आणि माणसे भरली की मागच्या चाकांवर जास्त भार येतो. राइस मिलच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाके चढवली की तो भार कळतो. समजा १६०० किलो आला, तर एका टायरवर ८०० किलो. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा असतो. १०० म्हणजे तो टायर ८०० किलो पेलतो, ११२ म्हणजे ११२० किलो. १०० चा घेतला तर काठोकाठ झाले, खड्ड्याला काही उरले नाही. आपल्याला ११० च्या वरचा, जाड बाजूचा टायर हवा. बरडीच्या धारदार दगडांनी आणि जंगलातल्या बांबूच्या खुंटांनी टायर बाजूनेच फाटतो, आणि तिथे पंक्चर काढता येत नाही.

माप कंपनीने दिले तेच ठेवावे. २४५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ घातला, तर चाक सुमारे अडीच सेंटिमीटरने मोठे होते. काटा ६० दाखवतो आणि गाडी ६२ ने धावते.

चारही टायर सारखे हवेत, स्टेपनीसुद्धा. दोन नवे, दोन झिजलेले लावून फोर बाय फोर चालवले की ताण गिअरवर जातो. म्हणून कुणी प्रेमाने दोन जुने टायर दिले तर मी नम्रपणे परत करतो. राग मानू नये. जुन्या टायरवर चार आकडे असतात. १८१५ असेल तर तो २०१५ च्या अठराव्या आठवड्यातला. नक्षी भरलेली दिसली तरी रबर कडक झालेले असते. आयएसआयचा शिक्काही पाहावा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पण आपल्या पावसात मी ३ वरच बदला म्हणेन.

शेवटची गोष्ट. कुठलाही टायर घ्या, रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावर चढला की भल्याभल्या गाड्या अलीकडे थांबतात. आपणही थांबू. पांदण अगदीच बसली असेल तर गाडी डांबरीवर ठेवून पुढे पायी जाऊ, रोगी खाटेवर आणू. आपले लोक हे नेहमी करत आले आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. मधल्या प्रकारचे, भार पेलणारे पाच सारखे टायर घ्यावेत. उरलेल्या पैशांत हवा भरायचा छोटा पंप, हवा मोजायचे मीटर, ओढायचा मजबूत पट्टा आणि दोन फावडी घ्यावीत. फावडी शोभेची नाहीत, पण त्या दिवशी कामाला तीच आली.