पोटांतील दुर्बीण : भय आणि वस्तुस्थिति

घरांतील वडील माणसास पोटाचें दुखणें जडलें, म्हणजे पहिले कांहीं महिने त्यास ‘पित्त’ हें एकच नांव पुरतें. ओवा होतो, सोडा होतो, शेजाऱ्यांनीं सांगितलेल्या गोळ्या होतात. पुढें जेवण अर्ध्यावर येतें, कमरेचा पट्टा दोन भोंकें आंत जातो, आणि अखेर डॉक्टर म्हणतात, “एकदां आंत दुर्बीण घालून पाहूं.” या एका वाक्यानें घरांत शांतता पसरते. पत्नी विचारते, “अहो, मग कधीं जायचें ?” वडील उत्तर देतात, “थोडें थांबूं. परवांपासून बरें वाटतें आहे.” हें परवांपासूनचें बरें वाटणें पुष्कळदां खरें नसतें, भीतीनें शोधलेली ती एक सबब असते.

ही भीति दुहेरी आहे. एक नळीची, आणि दुसरी त्या नळींतून काय दिसेल याची. दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

लोकांनीं या तपासणीस ‘दुर्बीण’ म्हटलें; शास्त्रीय नांव गॅस्ट्रोस्कोपी. दुर्बीण दूरचें दाखविते. हें यंत्र अगदीं जवळचें, परंतु झांकलेलें दाखवितें. जर्मनींत कुसमाउल या वैद्यानें १८६८ सालीं सरळ, न वांकणारी नळी जठरांत घालण्याचा प्रयोग केला, तेव्हां त्यास तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याची मदत घ्यावी लागली. भ्यालेल्या रोग्याच्या डोळ्यांपुढें जी नळी उभी राहते ती बहुधा त्या जातीची असते. पुढें १९५४ सालीं हॉपकिन्स आणि पंजाबांत जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनीं कांचेच्या सूक्ष्म तंतूंचा जुडगा वांकवला तरी त्यांतून चित्र पलीकडे जातें, हें दाखवून दिलें. त्याच तत्त्वावर बेझिल हिर्शोविट्झ यांनीं अमेरिकेंत वांकणारी नळी सिद्ध केली, आणि १९५७ सालीं ती रोग्याच्या घशांत घालण्यापूर्वीं स्वतः गिळून पाहिली. आतां नळीच्या टोकाशीं इवलासा कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर उमटतें. नळीची जाडी करंगळीहून कांहींशी कमीच भरते.

तपासणीपूर्वीं साधारणतः ६ तास कांहीं खावयाचें नसतें. साधें पाणी केव्हांपर्यंत चालेल, तें इस्पितळांतून सांगतात. जठर रिकामें हवें, याचीं कारणें दोन. अन्नाखालीं जठराच्या भिंती झांकल्या जातात, आणि ओकारी होऊन तें अन्न श्वासनलिकेंत उतरण्याचा धोका असतो. तेव्हां “चहा म्हणजे कांहीं जेवण नव्हे,” असा युक्तिवाद करून दुधाचा चहा पिऊन निघणें हें आपल्याच हातानें आपलें अहित करणें होय. रक्त पातळ करण्याचीं औषधें, मधुमेहाचीं औषधें, पूर्वीं एखादें औषध न सोसल्याचा अनुभव, हें सर्व डॉक्टरांस आधींच सांगावें. कोणतेंही औषध रोग्यानें आपल्या बुद्धीनें बंद करूं नये. आम्ल कमी करणाऱ्या कांहीं गोळ्या मात्र डॉक्टर कधीं कधीं २ आठवडे आधीं थांबवावयास सांगतात. कारण त्यांच्यामुळें रोगाचें खरें स्वरूप झांकलें जाण्याचा संभव असतो.

इस्पितळांत गेल्यावर संमतिपत्रावर सही घेतात. ती घाईनें करूं नये. शंका असेल ती त्याच वेळीं विचारावी. कवळी आणि चष्मा काढून सोबतच्या माणसाजवळ द्यावयाचा असतो. त्यानंतर मार्ग दोन. घशांत बधिर करणारा फवारा मारतात. त्याची चव कडू लागते आणि घसा जाड झाल्यासारखा वाटतो. किंवा शिरेंतून गुंगीचें औषध देतात. त्यानें मन निवांत होतें, झोंप आल्यासारखें वाटतें आणि मागून पुष्कळसें आठवत नाहीं. नुसत्या फवाऱ्यावर भागलें, तर मनुष्य लवकर घरीं जाऊं शकतो. गुंगी घेतली, तर सोबत माणूस हवाच, आणि पुढील २४ तास वाहन चालविणें, यंत्रावर काम करणें आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करणें वर्ज्य.

रोग्यास डाव्या कुशीवर निजवितात. मधें भोंक असलेली एक कडी दांतांत धरावयास देतात. तिच्यामुळें दांत आणि नळी दोन्ही सुरक्षित राहतात. नळी जिभेवरून मागें सरकली, कीं डॉक्टर म्हणतात, “गिळा.” हा क्षण सर्वांत अवघड. उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. घशाचा तो स्वभावच आहे. परंतु श्वास कोंडेल ही समजूत मात्र चुकीची. श्वासाची वाट वेगळी आहे आणि ती मोकळीच असते. लक्ष त्या वाटेवर ठेवून संथपणें श्वास घेत राहिलें, म्हणजे उबळ ओसरते. लाळ गिळण्याची खटपट करूं नये. ती तोंडाबाहेर वाहूं द्यावी, परिचारिका ती शोषून घेते. जठराच्या घड्या उलगडण्यासाठीं आंत हवा सोडतात, त्यानें पोट फुगल्यासारखें वाटतें आणि ढेकर येतात. डॉक्टर अन्ननलिका, जठर आणि लहान आंतड्याचा आरंभ पाहून घेतात. बहुधा ५ ते १५ मिनिटांत सर्व कांहीं आटोपतें.

मधेंच एका बारीक चिमट्यानें अस्तराचा कण काढतात, तो रोग्यास कळतही नाहीं. घरीं मात्र “तुकडा काढला” हे शब्द ऐकून रडारड सुरू होते. तुकडा काढला म्हणजे कर्करोग ठरला, असें नाहीं. आणि तुकडा काढल्यानें रोग पसरतो, हीही निराधार समजूत. साधी सूज किंवा जंतूंचा उपद्रव ओळखण्यासाठींही तो घेतात. जठराचा व्रण चिंतेनें आणि तिखटानें होतो, असें वैद्यही फार काळ मानीत. ऑस्ट्रेलियांतील वॉरन आणि मार्शल या दोघांनीं त्यामागें हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु असतो हें सिद्ध केलें, आणि त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो जंतु ओळखण्यास असाच एक कण पुरतो, आणि सांपडल्यास कांहीं दिवसांच्या औषधांनीं त्याचा नायनाट करतां येतो.

तपासणी संपली, कीं वडील पहिली मागणी करतात ती चहाची. येथें पत्नीनें कठोर व्हावें. घशाची बधिरता जाईपर्यंत, म्हणजे सुमारें तासभर, पाण्याचा घोटही देऊं नये. तो भलत्या वाटेनें जाईल, आणि कढत चहानें तोंड भाजलें तरी कळणार नाहीं. घसा एक-दोन दिवस खवखवतो. रक्तस्राव होणें किंवा आंत छिद्र पडणें हे धोके आहेत, पण फार विरळ. छातींत वा पोटांत तीव्र वेदना, ताप, रक्ताची उलटी, काळा डांबरासारखा मल किंवा धाप, यांपैकीं कांहीं दिसल्यास सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.

राहिली दुसरी भीति. ती कोणत्याही फवाऱ्यानें बधिर होत नाहीं. परंतु जठरांत जें असेल तें पाहिल्यानें निर्माण होत नाहीं, आणि न पाहिल्यानें नाहींसेंही होत नाहीं. जठराचा कर्करोग आरंभीं फारशी लक्षणें दाखवीत नाहीं, आणि त्याच वेळीं तो बरा होण्याची आशा सर्वांत अधिक असते. गिळतांना अडणें, कारणावांचून वजन उतरणें, रक्त कमी होणें, काळा मल होणें, या खुणा दिसत असतां ‘पित्त’ म्हणून दिवस काढणें हें धैर्य नव्हे. लोहाच्या गोळ्यांनींही मल काळा होतो हें खरें. पण तो निर्णय डॉक्टरांनीं करावा.

घरच्यांनींही एक करावें. “कांहीं होत नाहीं हो,” असें म्हणून वडिलांची भीति उडवून लावूं नये. काय काय होईल तें क्रमानें सांगावें, त्यांस प्रश्न विचारूं द्यावे, आणि नेमल्या दिवशीं बरोबर जावें. दाराबाहेर आपलें माणूस चष्मा आणि कवळी सांभाळीत बसलें आहे, एवढें ठाऊक असलें, म्हणजे आंतलीं तीं दहा मिनिटें पुष्कळ सोपीं होतात.