रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू नर्स होतीस, आरोग्यावर बोल, पण हलकंफुलकं." हलकंफुलकं बोलायला आपल्या वर्गात माझ्याहून तयारीची मंडळी आहेत. मी वृद्धाश्रमाबद्दल बोलणार आहे. लगेच चेहरे पाडू नका! सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं मी एका वृद्धाश्रमात सिस्टर म्हणून काम केलं. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघाचौघांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "आईसाठी चांगली जागा सुचव." आज आईसाठी विचारतोय, उद्या स्वतःसाठी विचारू.

जागा बघायला जाणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. बाग बघतात, देवघर बघतात, जेवणात काय असतं ते विचारतात. रात्री दोन वाजता इथे कोण जागं असतं आणि ते एक माणूस कितीजणांना बघतं, हे मात्र शंभरात एखादा विचारतो. म्हातारं माणूस पुष्कळदा रात्री पडतं, लघवीला उठताना. झोपेच्या गोळीची गुंगी असते, रक्तदाबाच्या औषधामुळे एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, चष्मा टेबलावर राहिलेला असतो, मोरीतली फरशी ओली असते. एवढं पुरतं. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळजण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. संडासात धरायला भिंतीतला दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, उशाशी घंटी, याला खर्च फार नाही. घंटी ऐकून येणारं माणूस मात्र महाग पडतं, म्हणून काटछाट तिथेच होते.

तिथे गेलात की पडझडीची वही मागा. कोण पडलं, कुठे, किती वाजता, त्याआधी कुठली गोळी घेतली होती. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं सांगणाऱ्या जागेवर माझा विश्वास नाही. ऐंशीच्या पुढची तीस माणसं एकत्र राहिली तर कोणी ना कोणी पडणारच. आमच्या वहीत एकदा लागोपाठ तिघांची नावं पहाटे पाचच्या सुमारास आली. शोध घेतला, तर मावशी त्या वेळी व्हरांडा पुसत होती आणि हीच मंडळी चहाला उठत होती. पुसायची वेळ बदलली, प्रश्न मिटला. वही लिहिणाऱ्या मावशीला बोलणी खावी लागत नव्हती, म्हणून हे कळलं. जिथे नोंद केली की पगार कापतात, तिथली वही कोरीच राहणार.

दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी एका आजोबांचा हात ओढणीने पलंगाला बांधलेला पाहिला. "पडू नयेत म्हणून." बांधलेलं माणूस हिसके देतं, कातडी सोलते, पायांतलं बळ जातं आणि सोडलं की जास्तच पडतं. त्यांना बहुतेक नुसतं लघवीला जायचं होतं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं वेगळंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर तो बेडसोअरची सुरुवात समजायचा. तुम्ही भेटायला जाल तेव्हा खाऊ द्या, गप्पा मारा, पण एकदा मोजा काढून टाचही बघा. आणि पाणी! या वयात तहान लागल्याचं कळत नाही. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली की सगळे "आता वय झालं" म्हणतात. कधीकधी अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, नाहीतर लघवीचा संसर्ग असतो.

आता कायद्याचं. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. काळजीचा किमान दर्जा आणि नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे बघायची जबाबदारी सध्या तरी बरीचशी आपल्यावरच आहे. छळ किंवा हेळसांड दिसली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

एक मात्र मनापासून सांगते. तिथल्या मावशींवर खेकसू नका. बारा तासांच्या पाळीत वीस माणसांचं हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईचं नाव नातेवाइकांना माहीत नसतं. ते विचारा. ती किती वर्षं टिकली आहे, तेही विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर आजोबांचा कुठला पाय दुखतो हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

बाई मला घड्याळ दाखवताहेत, शाळेत दाखवायच्या तसंच. थांबते. कोणाला जागा बघायला जायचं असेल तर मला बोलवा, मी बरोबर येईन. फक्त संध्याकाळी सातनंतर जाऊ, आणि आधी फोन करायचा नाही.