प्राक्तन नव्हे, दुर्लक्ष
(पावस येथील भाषण)



पाळी गेल्यावर खोकताना लघवी सुटणे, अंग बाहेर येणे, हे बाईचे प्राक्तन नव्हे. बाळंतपणे, डोक्यावरची ओझी आणि घटते संप्रेरक यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे होतात. लघवी रोखावी तसे ते ५ सेकंद आवळावेत, सैल सोडावेत. १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. अंग बाहेर येत असेल तर तपासणी हवीच.

पण बाई लाजेने गप्प राहते. राणी व अभय बंग यांच्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतील पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले; पूर्वी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची.

पावसच्या बागांत आंब्याच्या पेट्या वाहणारीचे ओझे व्यायामाने हलके होणार नाही. ते वाटून घेणे आणि आरोग्य केंद्रात स्त्री-डॉक्टर मागणे, हे संघटनेचे काम आहे.