वाटाड्या कीं चकवा?

रात्रीं रानांतून जाणाऱ्या वाटसरूस चकवा लागतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पुढें कोणी चाललें आहे असें वाटून वाटसरू विश्वासानें मागोमाग जातो, आणि पहांटे पाहतो तों जेथून निघाला तेथेंच उभा! तरुणांच्या पुढें चालणारा मनुष्य वाटाड्या केव्हां असतो आणि त्याचा चकवा केव्हां होतो, हा ख्रिस्ती युवककार्याचा मूळ प्रश्न आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनीं त्याचा फार खोल विचार केला.

१९३१ च्या अखेरीस, वयाच्या २५ व्या वर्षीं, बर्लिनच्या कामगारवस्तींतील सुमारें ५० मुलांचा दृढीकरणाचा वर्ग त्यांच्याकडे आला. मुलें अनावर होतीं. बोनहोफर येतांच त्यांनीं त्यांच्या नांवाचा एकच गलका मांडला. ते भिंतीला टेकून स्वस्थ उभे राहिले. मग पहिल्या रांगेलाच ऐकूं जाईल इतक्या हळू आवाजांत बोलूं लागले. ऐकावयाचें तर गप्प बसणें भाग होतें! पुढें त्यांनीं त्याच भागांत भाड्यानें खोली घेतली व मुलांना तेथें येण्याची मोकळीक ठेविली.

ही केवळ शिक्षकाची युक्ति होती काय? मला तसें वाटत नाहीं. देवानें मनुष्यांस दुरून हांक मारली नाहीं. तो देहधारी होऊन त्यांच्यांत राहिला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. ज्याची सुवार्ता सांगावयाची, त्याचीच रीत सेवकानें उचलावयास नको काय?

३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनीं, १ फेब्रुवारीस, बोनहोफर रेडिओवर तरुण पिढी आणि नेतृत्व या विषयावर बोलले. जो पुढारी आपल्या अधिकाराची मर्यादा अनुयायांस स्पष्ट सांगत नाहीं, त्यांनीं केलेली आपली मूर्ति होऊं देतो, तो त्यांस मार्ग दाखवीत नसून भुलवितो, असा त्यांचा आशय होता. भाषण पुरें होण्यापूर्वींच प्रक्षेपण तुटलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत तेथील प्रॉटेस्टंट युवकसंघ हिटलरच्या युवकसंघटनेंत विलीन करण्यांत आले.

याच सुमाराच्या त्यांच्या एका टिपणांत युवककार्याविषयीं आठ मुद्दे आहेत. मंडळीचें भवितव्य तरुण नव्हेत, तर एकटा ख्रिस्त आहे. तरुणांना मंडळींत वेगळा मान नाहीं. आणि मंडळीचें काम तरुणांना जिंकणें हें नसून त्यांस देवाचें वचन ऐकविणें हें आहे, असें त्यांत प्रतिपादन आहे. ‘तरुण हेच मंडळीचें भवितव्य’ असें सभासभांतून ऐकण्याची संवय असलेल्या आपल्या कानांना हें कठोर वाटेल. पण त्यांतील दया पाहा. ज्या मुलाला आपण उद्याचा तारणहार ठरवितों, त्याच्या खांद्यावर आपण केवढें ओझें देतों! तारणारा एक आहे, आणि तो होऊन गेला आहे. बाप्तिस्म्यानें पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची आजी एकाच देहाचे अवयव झालीं. दोघांनाही ऐकावयाचें तें वचन एकच.

१९३४ सालीं गांधीजींनीं वर्ध्याहून पत्र पाठवून बोनहोफर यांस आपल्याजवळ राहावयास बोलाविलें होतें. तें येणें घडलें नाहीं. १९३५ मध्यें त्यांनीं फिंकेनवाल्ड येथील पाळकांच्या विद्यालयाची धुरा घेतली आणि तरुण उमेदवारांसह प्रार्थनेचें सामुदायिक जीवन चालविलें. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळें ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग येथें त्यांस फांशी देण्यांत आली.

श्रोतेहो, आपल्या गांवच्या मंडळींत तरुणांचा वर्ग चालविणाऱ्यानें रात्रीं दिवा मालवितांना स्वतःस एवढेंच विचारावें: उद्यां मीं हें गांव सोडलें, तर हीं मुलें माझ्यावांचून पोरकीं होतील, कीं ज्याचें नांव मीं घेतलें त्याच्याजवळ राहतील? पहिलें उत्तर आलें, तर आपली वाट आपण पुन्हां तपासून पाहावी.